नव्या फ्लॅटमध्ये वायफाय लावताना: आज रात्रीच काय बदलायचं, सावकाश काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात घोडबंदर रोडला नव्या टॉवरमध्ये टू बीएचके घेतलाय. २०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन घेतलं. लाइन टाकायला आलेल्या मुलाने मुख्य दारामागच्या भिंतीतल्या लोखंडी बॉक्समध्ये राऊटर बसवला, वायफायला बिल्डिंगचं नाव आणि फ्लॅट नंबर असं नाव दिलं, पासवर्ड म्हणून तुमचा मोबाइल नंबर टाकला आणि तो निघून गेला. हॉलमध्ये नेट पळतं, मागच्या बेडरूममध्ये व्हिडिओ कॉल अडकतो. शेजारच्या काकूंनी त्यांचं कनेक्शन येईपर्यंत पासवर्ड मागितलाय. घरात आईबाबा एकटे असतात म्हणून कॅमेरा लावायचाय आणि कॅमेरावाला ‘राऊटरमध्ये पोर्ट उघडावा लागेल’ म्हणतोय. शिवाय कुणीतरी सांगितलंय की वायफायचं नाव लपवलं की सगळं सुरक्षित. यातलं खरं काय आणि आधी काय करायचं?

ठाणे-नवी मुंबईत घरांची आणि छोट्या ऑफिसांची नेटवर्क लावणं हेच माझं काम. जवळजवळ प्रत्येक नव्या घरात मला हेच चित्र दिसतं, म्हणून सविस्तर लिहितो. सुरुवातीलाच सांगतो: रेंजचा त्रास रोज जाणवतो म्हणून आपण आधी त्याच्या मागे लागतो. ते आठवडाभर थांबलं तरी चालेल. तीन गोष्टी मात्र आज रात्री जेवणं झाल्यावर करून टाका: राऊटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (बटण दाबून फोन जोडायची सोय) बंद करा आणि वायफायचा पासवर्ड मोबाइल नंबरवरून हलवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

इतकी घाई कशाला, शेजारच्याने थोडं नेट वापरलं तर काय बिघडतं, असं बरेच जण म्हणतात. त्यांना मी सानपाड्याची गोष्ट सांगतो. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. आयपी अ‍ॅड्रेसचा माग काढत तपास पोहोचला नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका फ्लॅटवर. तिथे राहत होता एक अमेरिकन नागरिक. त्याचं वायफाय उघडं होतं आणि बाहेरच्यांनी ते वापरून मेल धाडला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमधल्या दिल्ली स्फोटांच्या वेळचा मेल चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वायफायवरून गेल्याचं निघालं. ज्यांची कनेक्शनं होती त्यांचा स्फोटांशी काही संबंध नव्हता, पण पोलीस पहिल्यांदा त्यांच्याच दारात आले. नियम आजही तोच आहे: बाहेरच्या जगाला तुमच्या घरातला फोन किंवा लॅपटॉप दिसत नाही, दिसतो तो कनेक्शनचा पत्ता, आणि त्या पत्त्यावर तुमचं नाव, आधार आणि फ्लॅट नंबर लागलेला असतो. कुणी तुमच्या वायफायवरून कुणाला फसवलं, धमकावलं, तर पहिली नोटीस तुम्हालाच.

आता कामाला लागू. राऊटर उलटा करा. खालच्या स्टिकरवर दोन वेगवेगळ्या जोड्या छापलेल्या असतात. एक वायफायचं नाव आणि त्याचा पासवर्ड. दुसरी, लहान अक्षरांत, राऊटरच्या सेटिंग्जच्या पानाचा पत्ता, यूजरनेम आणि पासवर्ड. पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. वायफायला जोडलेल्या फोनच्या किंवा लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये तो टाकला की लॉगिनचं पान उघडतं. जुन्या मॉडेल्सना यूजरनेमही ‘अ‍ॅडमिन’ आणि पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’ असायचा, आणि ती अजून कित्येक घरांत तशीच चालू आहेत. वायफायचा पासवर्ड लोक बदलतात, हा दुसरा पासवर्ड आहे हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

तरी जास्त महत्त्वाचा हाच. वायफायचा पासवर्ड मिळालेला माणूस तुमचं नेट वापरेल. अ‍ॅडमिन पासवर्ड मिळालेला माणूस तुम्ही बँकेच्या साइटचं नाव टाकल्यावर फोनने कुठे जायचं हे ठरवू शकतो. त्यासाठी तो डीएनएस नावाची सेटिंग बदलतो. आणि हे करायला त्याने तुमच्या इमारतीखाली येऊन उभं राहायची गरज नाही. तुमच्याच ब्राउझरमध्ये उघडलेलं एखादं भामटं वेबपेज तुमच्या राऊटरला आतून आज्ञा देऊ शकतं, पासवर्ड छापील असेल तर फारच सोपं. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमारास सुमारे ४५ लाख मोडेमचे डीएनएस असे परस्पर बदलले गेले. लोक बरोबर पत्ता टाकत होते आणि खोट्या पानांवर उतरत होते. म्हणून अ‍ॅडमिन पासवर्ड लांब ठेवा, तो वायफायच्या पासवर्डसारखा अजिबात नको, आणि वहीत लिहून कपाटात ठेवा. कागदावर लिहिण्यात काही धोका नाही. लांबून हल्ला करणारा तुमच्या कपाटापर्यंत पोहोचत नाही.

एक अडचण इथे येऊ शकते. कंपनीने दिलेल्या डब्यात, म्हणजे ज्यात फायबर घुसते त्या ओएनटीमध्ये, बऱ्याचदा दोन लॉगिन असतात. एक ग्राहकाचं, ज्यात मोजकीच पानं दिसतात, आणि एक कंपनीचं, ज्यात सगळं दिसतं. तुम्हाला पहिलंच मिळतं. दुसरं मागून बघा, काही ठिकाणी देतात, बहुतेक ठिकाणी नाही. नाही मिळालं तर माझा सरळ सल्ला: त्या डब्याचं वायफाय बंद करा, त्याच्या लॅन (नेटवर्क केबलच्या) पोर्टपासून केबल ओढून तिला स्वतःचा राऊटर लावा आणि घरातली सगळी साधनं त्या राऊटरवर घ्या. मग अपडेट कधी करायचं, कुणाला आत घ्यायचं, हे तुमच्या हातात राहतं. वायफाय ६ चा, गिगाबिट पोर्ट असलेला साधा राऊटर टू बीएचकेला पुरतो. सहा शिंगांचा महागडा गेमिंग राऊटर घेऊन काँक्रीटच्या भिंतीपुढे काही चालत नाही, त्याबद्दल पुढे येतोच.

लॉगिन झाल्यावर वायरलेसच्या पानावर जा. तिथे डब्ल्यूपीएस दिसेल, ते बंद करा. बटण दाबून फोन जोडायची ही सोय आहे, पण तिच्यासोबत आठ आकडी पिन येतो. डिसेंबर २०११ मध्ये उघड झालं की राऊटर त्या पिनचे पहिले चार आकडे वेगळे तपासतो आणि उरलेले वेगळे, शिवाय शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून काढता येतो. त्यामुळे कोट्यवधी शक्यता उरतात कुठे, जेमतेम ११,००० उरतात. वायफायचा पासवर्ड कितीही कठीण ठेवा, हे दार उघडं असेल तर काही तासांत कुणीही आत येतं. नव्या राऊटरमध्ये चुकीच्या पिननंतर थांबायला लावतात, पण जी सोय वर्षातून एकदाही वापरत नाही ती चालू ठेवायचं कारणच नाही.

त्याच पानावर सुरक्षेचा प्रकार निवडायचा असतो. डब्ल्यूपीए-३ दिसत असेल आणि घरातली सगळी साधनं चालत असतील तर उत्तम. जुना प्रिंटर किंवा स्मार्ट बल्ब अडून बसला तर डब्ल्यूपीए-२ आणि ३ एकत्र असा पर्याय घ्या. फक्त डब्ल्यूपीए-२ असेल तर त्यात एईएस निवडा. टीकेआयपी लिहिलेलं काहीही नको. ते जुनं आणि कमकुवत तर आहेच, शिवाय ते निवडलं की राऊटर ५४ एमबीपीएसच्या जुन्या वेगावर उतरतो. ‘नवा राऊटर, तरी स्पीड नाही’ अशा तक्रारीत हे पान मी आधी उघडून बघतो.

आता पासवर्ड. मोबाइल नंबर का नको, याचा हिशेब मांडतो. डब्ल्यूपीए-२ मध्ये तुमचा फोन राऊटरला जोडला जातो त्या क्षणी दोघांत थोडी देवाणघेवाण होते. ती हवेतच होते, त्यामुळे खाली पार्किंगमध्ये बसलेल्या माणसालाही ती पकडता येते. पकडून तो घरी जातो आणि आपल्या कॉम्प्युटरवर निवांत एकेक पासवर्ड लावून बघतो. तुमच्या राऊटरला याचा पत्ताही नसतो. चांगलं गेमिंग ग्राफिक्स कार्ड सेकंदाला साधारण दहा लाख पासवर्ड तपासतं. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी आणि सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने, म्हणजे शक्यता ४०० कोटी. भागाकार करा: साधारण ६७ मिनिटं. तेवढ्यात ठाण्यातल्याच काय, देशातल्या प्रत्येक संभाव्य नंबरची तपासणी संपते. जन्मतारखेला तर सेकंदही लागत नाही. गाडीचा नंबर, मुलांची नावं, कुलदैवत आणि पुढे १२३, हे सगळं याच जातीचं.

त्याऐवजी शब्द घ्या. साध्या, रोजच्या दोन हजार मराठी शब्दांतून चिठ्ठ्या टाकून चार शब्द निवडले तर १६ लाख कोटी जोड्या होतात आणि त्याच कार्डाला सहा महिने लागतात. पाचवा शब्द घातला की हजार वर्षं. म्हणून पाच शब्द. उदाहरणार्थ तवा, गलबत, चिकू, पाटबंधारे, उशी, इंग्रजी लिपीत, मध्ये डॅश टाकून. अर्थात हेच पाच घेऊ नका. चिठ्ठ्या टाकण्यावर माझा भर आहे, कारण मनाने निवडायला गेलं की माणूस म्हणीकडे, अभंगाच्या ओळीकडे किंवा स्वतःच्या गावाच्या नावाकडेच वळतो, आणि ते अंदाज बांधणाऱ्यालाही सुचतं. शब्दकोश डोळे मिटून उघडा आणि बोट ठेवा, इतकं पुरे. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, त्यामुळे जागा भरपूर आहे. आईबाबांनाही असा पासवर्ड फोनवर सांगता येतो, चिन्हांची भेळ असलेला सांगता येत नाही, आणि मग तो फ्रिजवर चिकटवला जातो.

डब्ल्यूपीए-३ मध्ये हा घरी नेऊन फोडायचा मार्ग बंद केलाय, हे त्याचं खरं मोल. पण ‘दोन्ही एकत्र’ ठेवलं तर डब्ल्यूपीए-२ ने जोडणाऱ्या साधनांसाठी धोका तसाच राहतो, म्हणून पासवर्डचा नियम बदलत नाही.

वायफायचं नावही बदला, पण वेगळ्या कारणासाठी. बिल्डिंगचं नाव आणि फ्लॅट नंबर लिहिला की कुठल्या दारामागे कुठलं नेटवर्क हे रस्त्यावरून वाचता येतं. कंपनीचं छापील नाव ठेवलं की डब्याचा प्रकार कळतो. शिवाय डब्ल्यूपीए-२ मध्ये किल्ली तयार करताना नावही मिसळलं जातं, त्यामुळे सर्रास सापडणाऱ्या नावांसाठी आधीच गणित करून ठेवलेल्या याद्या फिरतात. आडनाव नको, फ्लॅट नको, काहीही वेगळं नाव ठेवा.

नाव लपवण्याच्या सल्ल्याबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे: वेळ घालवू नका. यादीत नाव दिसत नाही एवढंच, पण तुमचा फोन जोडताना ते नाव हवेत बोलतोच आणि फुकटच्या अ‍ॅपला ते ऐकू येतं. उलट लपवलेल्या नेटवर्कचं नाव काही फोन आणि लॅपटॉप बाहेर मॉलमध्ये, स्टेशनवरही पुकारत राहतात. ठरावीक साधनांनाच आत घेणारं मॅक फिल्टरही असंच. मॅक अ‍ॅड्रेस (साधनाचा वायफायवरचा ओळख क्रमांक) हवेत उघडाच असतो, त्याची नक्कल क्षणात होते. त्यातून अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला स्वतःचा बनवलेला, वेगळा मॅक अ‍ॅड्रेस दाखवतात. त्यामुळे चोर अडत नाही, पाहुणा म्हणून आलेला मामा मात्र तासभर अडतो.

हे आज रात्रीचं. रेंजचं काम आता येत्या रविवारी घ्या.

घोडबंदर रोडच्या, किंवा तिकडे खारघर-उलव्याच्या, बऱ्याच नव्या टॉवरमध्ये बांधकाम मायवान पद्धतीचं असतं. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकदम ओततात. अशा घरात आतल्या भिंतीही विटांच्या नसतात, सळयांच्या जाळीसह काँक्रीटच्या असतात. तुमच्याकडे आहे का हे ओळखायला सोपं: फोटो टांगायला साधा खिळा आत जात नसेल आणि प्रत्येक भोकाला हॅमर ड्रिल लागत असेल तर भिंत काँक्रीटची. वाशीतल्या, नेरूळच्या जुन्या सिडकोच्या घरांत अर्ध्या विटेच्या भिंती असतात. तिथे एक राऊटर मधल्या खोलीत ठेवला की घरभर चालतो. त्या अनुभवावर नव्या टॉवरमध्ये जाऊ नका. राऊटर दोन लहरींवर चालतो, ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ. ५ ची लहर एक काँक्रीटची भिंत कशीबशी ओलांडते, दुसरीत गळते. २.४ ची थोडी जास्त लांब जाते, पण तिच्यावर आख्ख्या टॉवरची गर्दी असते.

त्यात तुमचा राऊटर लोखंडी दाराच्या बॉक्समध्ये, घराच्या एका टोकाला. बिल्डर तो बॉक्स वायरी एकत्र आणायला देतो, त्यात वायफाय कोंडायला नाही. आधी बॉक्स नीट बघा. नव्या इमारतींत तिथून हॉलच्या टीव्ही पॉइंटला आणि बेडरूमला नेटवर्कची केबल किंवा निदान मोकळा पाइप टाकलेला असतो. भिंतीवरच्या प्लेटवर टेलिफोनपेक्षा थोडं रुंद भोक दिसलं की तो लॅनचा पॉइंट समजा. ओएनटी बॉक्समध्येच राहू द्या, तिथून केबलने राऊटर हॉलमध्ये आणा, टीव्ही युनिटच्या वर, छातीच्या उंचीला, उघड्यावर. टीव्हीच्या मागे नको, माशांच्या टाकीशेजारी नको, किचनच्या ओट्यावर मायक्रोवेव्हजवळ तर नकोच, कारण मायक्रोवेव्ह चालू झाला की २.४ वर गोंगाट सुरू होतो. फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक वायर ओढताना तिला बोटाभोवती वळवू नका. आतली काच तुटते किंवा प्रकाश गळतो, आणि मग ओएनटीवर एलओएसचा लाल दिवा लुकलुकतो. लाल दिवा दिसला तर राऊटरच्या सेटिंग्जशी खेळू नका, दोष लाइनमध्ये आहे.

केबल जोडल्यावर लॅपटॉप थेट केबलने लावून स्पीड टेस्ट करा. २०० चा प्लॅन असून टेस्ट ९४-९५ च्या आसपास येऊन थांबत असेल तर कंपनीला फोन करण्याआधी केबलकडे बघा. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. एखादी तुटली किंवा प्लेटमध्ये नीट बसली नाही की जोडणी चार तारांवर, १०० एमबीपीएसवर उतरते, आणि त्यातला वरखर्च जाऊन हाती ९४-९५ उरतात. हा आकडा इतका ठरलेला आहे की फोनवर तो ऐकला की मी क्रिम्पिंगचं पक्कड घेऊनच निघतो. बिल्डरच्या माणसांनी टाकलेल्या पॉइंटमध्ये हे फार सापडतं.

मागच्या बेडरूमसाठी फोनवर सिग्नल मोजणारं फुकटचं अ‍ॅप घ्या. आकडा उणे डीबीएममध्ये येतो. उणे ६५ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या पलीकडे गेलं की अडकणारच. राऊटर हॉलमध्ये आणूनही बेडरूम उणे ७५ दाखवत असेल तर तिथे दुसरा राऊटर लागेल, आणि तो केबलने जोडलेला हवा. सॉकेटमध्ये खोचायचा स्वस्त रिपीटर घेऊ नका. एकाच लहरीवर ऐकून त्यावरच पुन्हा बोलायचं म्हणजे वेग निम्म्यावर येतो, आणि तो भिंतीच्या पलीकडेच लावला तर त्याला स्वतःलाच धड ऐकू येत नाही. दुसरा राऊटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे पत्ते वाटायचं काम पहिलाच करतो. केबलचा पाइपच नसेल तर मेश (आपसात वायफायने जोडलेल्या राऊटरांचा संच) घ्या, पण त्याचं दुसरं युनिट बेडरूमच्या आत न ठेवता पॅसेजमध्ये, दोन्हीकडचं दिसेल अशा जागी ठेवा.

चॅनेलबद्दल थोडक्यात. २.४ वर १, ६ किंवा ११ यांपैकी जो कमी गर्दीचा तो, रुंदी २० मेगाहर्ट्झ. चाळीस केली की वेग वाढेल असं वाटतं, टॉवरमध्ये उलटं होतं. ५ वर रुंदी ८० ठेवा आणि चॅनेल ऑटोवर राहू द्या.

आता काकू आणि कॅमेरा. दोघांचं उत्तर एकच आहे: गेस्ट नेटवर्क. जवळजवळ प्रत्येक राऊटरमध्ये ते असतं. वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, आणि त्यावर आलेल्याला नेट मिळतं पण घरातला लॅपटॉप, प्रिंटर, राऊटरचं पान दिसत नाही. ‘गेस्टला लोकल नेटवर्क दिसू द्यावं का’ असा खूणचौकोन असतो, तो रिकामा ठेवा. काकूंना नाही म्हणायला आपल्याला जमत नाही, आणि नाही म्हणूही नये, नव्या घरात शेजार महत्त्वाचा. त्यांना गेस्टचा पासवर्ड द्या आणि त्यांचं कनेक्शन आलं की तो बदला. बदलणं विसरू नका, कारण काकूंच्या फोनमधून तो त्यांच्या भाच्याकडे आणि भाच्याकडून पुढे जातो. फोनवरून वायफाय शेअर करायचा जो क्यूआर कोड येतो, त्यात पासवर्ड जसाच्या तसा लिहिलेला असतो. त्याचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला म्हणजे पासवर्ड नोटीस बोर्डावर लागला. आणि आधी म्हटलं ते लक्षात असू द्या: गेस्टवरून गेलेलं सगळंही तुमच्याच नावावर जातं. आठवड्याची सोय ठीक, कायमची वाटणी नको.

कॅमेरा, स्मार्ट प्लग, बल्ब, टीव्हीचा बॉक्स हेही गेस्टवरच घ्या. ही साधनं स्वस्त असतात आणि त्यांचे अपडेट लवकर बंद होतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारे डबे) ताब्यात घेतले, आणि त्यासाठी त्याच्याकडे होती ती फक्त कारखान्यातून आलेल्या यूजरनेम-पासवर्डांची साठेक जोड्यांची यादी. म्हणून कॅमेऱ्याचा स्वतःचा पासवर्डही पहिल्याच दिवशी बदला. यातली बरीच साधनं फक्त २.४ वर चालतात. जोडताना अडली तर गेस्टचं ५ गिगाहर्ट्झ बंद करून बघा, बहुधा तेवढ्यानेच जमतं.

कॅमेरावाल्याला पोर्ट उघडू देऊ नका. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे बाहेरच्या जगातून कॅमेऱ्यापर्यंत सरळ रस्ता, आणि ८००० किंवा ३७७७७ सारखे डीव्हीआरचे ठरलेले पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात. कंपनीच्या अ‍ॅपमधून बघता येणारा कॅमेरा घ्या, त्या अ‍ॅपला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. तसंही आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती कनेक्शनना स्वतंत्र पब्लिक आयपी नसतो, अनेक ग्राहक एकाच आयपीमागे असतात, त्यामुळे उघडलेला पोर्ट चालतच नाही आणि कॅमेरावाला मग स्टॅटिक (न बदलणारा, स्वतःचा) आयपी घ्या म्हणून मागे लागतो. हा सामायिक आयपी पाहून काही जण निर्धास्त होतात. तसं होऊ नका. आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर घरातल्या प्रत्येक साधनाला बाहेरून गाठता येईल असा स्वतःचा पत्ता मिळतो. राऊटरच्या पानावर आयपीव्ही६ चा फायरवॉल चालू आहे ना हे मुद्दाम बघा. तिथेच रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राऊटरचं पान उघडणं) बंद करा, साधनांना आपोआप पोर्ट उघडू देणारं यूपीएनपी बंद करा. यूपीएनपी बंद केल्यावर मुलाचा एखादा ऑनलाइन गेम कुरकुरला तर त्या वेळी बघू.

महिन्याभराने एकदा राऊटरमध्ये जोडलेल्या साधनांची यादी उघडा. पहिल्यांदा बघताना घाबरायला होतं. ‘ईएसपी’ आणि पुढे काही अक्षरं असं नाव दिसतं, तो बहुधा तुमचाच स्मार्ट प्लग असतो, कारण त्यातल्या चिपचं ते नाव. नाव नसलेली दोन-तीन दिसतात, ती मॅक बदलणारे फोन असतात. मॅक अ‍ॅड्रेसचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनवलेला पत्ता समजा. घरातली साधनं एकेक करून बंद करा, यादीतून काय जातं ते बघा, आणि ज्याला मालक सापडत नाही ते उरलं तर चौकशी करत बसू नका, वायफायचा आणि गेस्टचा असे दोन्ही पासवर्ड बदला. पासवर्ड बदलला की सगळेच बाहेर जातात, घरचे पुन्हा आत येतात. त्याच वेळी डीएनएसची सेटिंग बघा. तिथे ऑटो असावं किंवा तुम्ही स्वतः टाकलेलं, उदाहरणार्थ १.१.१.१ किंवा ९.९.९.९. न ओळखीचा आकडा दिसला तर फर्मवेअर (राऊटरचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, राऊटर रिसेट करा आणि नव्याने लावा. पैसे गेले असतील तर मात्र आधी १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन, बाकी सगळं नंतर.

फर्मवेअर अपडेट स्वयंचलित ठेवता येत असेल तर ठेवा. स्वतःचा राऊटर घेताना दुकानदाराला अँटेना किती ते विचारू नका, त्या मॉडेलला शेवटचं अपडेट कधी आलं ते कंपनीच्या साइटवर बघा. दोन-तीन वर्षांत काही आलंच नसेल तर तो कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका.

वीज गेल्यावर नेट हवं असेल तर बारा व्होल्टचा छोटा राऊटर यूपीएस घ्या, पण ओएनटी आणि राऊटर दोघांनाही त्यावर घ्या, आणि अ‍ॅडाप्टरवर लिहिलेले अँपिअर जुळवा. फायबर थेट घरात आली असेल तर एक्स्चेंजपासून तुमच्यापर्यंत वाटेत कुठे विजेची गरज नसते, त्यामुळे अख्खी सोसायटी अंधारात असली तरी नेट चालतं. लोकल केबलवाल्याने गच्चीवरच्या स्विचमधून लॅन केबल टाकली असेल तर त्याच्या स्विचला बॅकअप आहे का ते त्यालाच विचारा.

राहिलं रिसेटचं बटण. टाचणीने दहा सेकंद दाबलं की राऊटर कारखान्यातून आला तसा होतो. स्वतःच्या राऊटरवर हे बिनधास्त करा. कंपनीच्या ओएनटीवर करण्याआधी वॅनचं (बाहेरच्या कनेक्शनचं) पान उघडून पीपीपीओईचं, म्हणजे कनेक्शनच्या लॉगिनचं, यूजरनेम आणि व्हीलॅनचा आकडा यांचा फोटो काढून ठेवा आणि पीपीपीओईचा पासवर्ड कंपनीकडून लिहून घ्या, नाहीतर इंजिनीअर येईपर्यंत घर नेटशिवाय. आणि उद्या घर बदललंत, कंपनी बदललीत किंवा जुना राऊटर भंगारवाल्याला द्यायची वेळ आली, तर तो दाराबाहेर जाण्याआधी रिसेट करूनच द्या. त्यात तुमच्या वायफायचा पासवर्ड आणि कनेक्शनचं लॉगिन तसंच साठवलेलं असतं.